राक्षसपार्टी ते खाज्या नाईक : खलनायकाची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे एकांकिका बसवणारी मुलं तालमीत ‘पात्राचा आलेख’ हा शब्द सतत वापरतात. पडदा उघडताना माणूस जसा होता तसाच पडदा पडताना राहिला, तर परीक्षक आलेख दिसला नाही म्हणतात आणि गुण कापतात. ही अपेक्षा आता अंगवळणी पडली आहे, पण आपल्या रंगभूमीवर ती फार जुनी नाही. ती आली कशी, हे कळायला खलनायकाच्या मागे जावं लागतं.

संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत असे चार प्रकार केले. चौघांवरही संकटं येतात, विरह येतो, शाप लागतो, पण स्वभाव ठरलेलाच असतो. धनंजयाने १०व्या शतकात ‘दशरूपका’त प्रतिनायकही, म्हणजे खलनायकही, असाच बांधून टाकला : लोभी, उद्धत, ताठर, पापी, व्यसनी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत हे वाटप थेट नटसंचातच झालं, देवपार्टी वेगळी आणि राक्षसपार्टी वेगळी. राक्षस ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत यायचा. पोरं घाबरायची, मोठी माणसं खूश व्हायची. तो वाईट का झाला, असं कुणाच्या मनातही येत नसे.

तो प्रश्न निघाला तमाशाच्या वगातून, म्हणजे त्यातल्या कथानाट्यातून, असं माझं मत आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजाराबरोबर तमाशाचे फडही उतरतात. गण, गवळण, बतावणी आटोपून वग लागला की समोर येतो तो राजाचे कान भरणारा प्रधान, नाहीतर गहाणखत दाबून बसलेला सावकार. सोंगाड्या त्याला चारचौघांत असा टोचतो की तंबू दणाणून जातो. तापीकाठच्या कापूस पिकवणाऱ्याला हा माणूस ओळखायला सूत्रधार लागत नाही. राक्षसाच्या जागी माणूस आला, हे अंतर मला फार मोठं वाटतं.

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) प्रेक्षकांना कीचकाच्या जागी व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. खलनायक राजकारणात उतरला खरा, पण तो बाहेरचाच राहिला.

त्याला आत आणलं गडकऱ्यांनी. ‘एकच प्याला’ १९१९ च्या फेब्रुवारीत रंगमंचावर आलं, तेव्हा गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. सिंधू केली बालगंधर्वांनी, ज्यांचं नाव जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला आहे. या नाटकातली पहिल्या प्याल्याची जागा लिहिणाऱ्याने मुद्दाम वाचावी. सुधाकर हुशार आणि मानी वकील. कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते आणि अपमान डोक्यातून उतरत नाही. नेमका तेव्हाच त्याचा कारकून तळीराम प्याला पुढे करतो. तळीराम वाईट आहेच, पण तो फक्त निमित्त पुरवतो. सुधाकरचा मानीपणा आधीच त्याच्या विरोधात उभा असतो. ज्या गुणामुळे माणूस वर आला त्याच गुणाने तो खाली जातो, आणि प्रत्येक पायरी आपल्याला दिसते. विरोध नायकाच्या स्वभावातल्या नेमक्या दुखऱ्या जागी बसला नाही, तर आलेख कागदावरच राहतो.

पुढे तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाला’त (१९७२) अपमानित झालेला माणूसच जुलमी होतो. पडद्यावर १९५३ च्या ‘श्यामची आई’त उलट टोक आहे. खलनायक नाहीच, आहे ती गरिबी आणि मुलाच्या चुका, तरी श्याम बदलतो. मूळ पुस्तक लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, ही आपल्याकडची मोठी ठेव.

खानदेशात मात्र अशी एक गोष्ट आहे, जिला अजून पुरता न्याय मिळालेला नाही. भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाचा रखवालदार होता, इंग्रजांच्या नोकरीतला. त्याच्या हातून मारहाणीत एक माणूस मेला आणि त्याला तुरुंगवास झाला. सुटल्यावर सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतलं. १८५७ मध्ये तो त्याच सरकारविरुद्ध उठला आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात आंबापाणीला भिल्लांनी इंग्रजी फौजेशी झुंज दिली. सरकारी कागदांत तो लुटारू, डोंगरातल्या लोकांसाठी नायक.

त्याच्यावर लिहिताना हात सहज लढाईकडे वळतो, कारण तिथे आवाज आहे, तीर आहेत, फौज आहे. पण माणूस बदलला तो त्याच्या आधी. सुटून आल्यावर ज्यांनी शिक्षा दिली त्यांचाच घाट तो पुन्हा राखत होता. रोज कुणाला अडवत होता, कुणाला सोडत होता, सलाम करताना मनात काय होतं? त्या काही महिन्यांवर एक अख्खा अंक लिहायला हवा.