डब्याचे पैसे की किलोचे?

"जितका कचरा तितकेच पैसे, म्हणजे वजनावरचा करार केव्हाही बरा." कचरा उचलणाऱ्या कंत्राटदाराशी करार करायची वेळ आली की हे वाक्य येतंच, आणि मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे की आता समोरचा "जितका" म्हणाला की मीच "तितके" म्हणून मोकळा होतो. दुसऱ्या टोकाचे लोकही कमी नाहीत. "डब्यावरचा दर घ्या, बिल ठरलेलं राहतं, डोक्याला ताप नाही." दोघंही आत्मविश्वासाने बोलतात आणि आपल्या डब्यात नेमकं काय पडतं हे दोघांनीही पाहिलेलं नसतं.

डब्यावरचा दर बहुतेकांना ओळखीचा आहे. अमुक लिटरचा डबा, आठवड्याला अमुक उचली, दर उचलीला ठरलेली रक्कम. यावर जास्त शब्द घालवत नाही. किलोवरच्या करारात गाडीवर बसवलेला काटा प्रत्येक डब्याचं वजन नोंदवतो, महिन्याच्या किलोंना दराने गुणतात आणि वर बहुधा दर उचलीचा एक छोटा आकारही लावतात. डबा कोणाच्या मालकीचा, बिल महिन्याला की तिमाहीला, झाकणाचा रंग कोणता, हे फरक किरकोळ आहेत. बैठकीत मात्र तासभर चर्चा होते ती यांवरच.

खरी गल्लत वेगळीच आहे. डब्यावरच्या करारात तुम्ही कचऱ्याचे पैसे देतच नाही, जागेचे आणि गाडीच्या फेरीचे देता. डबा काठोकाठ भरलेला असो की तळाशी चार कागद असोत, आकार तोच. किलोवरच्या करारात जागेला किंमत नसते, पैसे वस्तुमानाचे जातात आणि त्यात पाणीही आलं. हे नीट कळलं की "स्वस्त कोणता?" हा प्रश्नच बदलतो. तो होतो: माझा कचरा जागा खातो की वजन खातो?

न मोडलेली खोकी घनमीटरला ५० किलोसुद्धा भरत नाहीत. म्हणजे ११०० लिटरचा मोठा डबा त्यांनी गच्च दिसला तरी आत असतो पन्नासेक किलो माल आणि बाकी हवा. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं उलट. त्यात ढोबळमानाने ७० ते ८० टक्के पाणीच असतं आणि घनमीटरला ४०० किलो तो सहज गाठतो. चाकांच्या डब्यांसाठी ईएन ८४० नावाचं युरोपीय मानक आहे. त्यात लिटरमागे ०.४ किलो असा भार धरलेला असतो: २४० लिटरच्या डब्याला ९६ किलो, ११०० लिटरच्याला ४४० किलो. ओला कचरा काठापर्यंत भरला की डबा या मर्यादेला टेकतो, खोकी तिच्या आसपासही फिरकत नाहीत. बांधकामाचा राडारोडा तर घनमीटरला टनाच्या वर जातो, त्याला असल्या डब्यात टाकूच नये.

आता हिशेब. डब्यावरच्या करारातल्या एका उचलीच्या रकमेतून किलोवरच्या करारातला उचलीचा आकार वजा करा आणि उरलेल्याला किलोच्या दराने भागा. जो आकडा येईल तितक्या किलोंवर दोन्ही करार सारखे पडतात. समजा तो १२० आला. तुमचा डबा उचलताना सरासरी ५० किलोचा असेल तर किलोवरचा करार घ्या, ३०० किलोचा असेल तर डब्यावरचा. इतकं साधं गणित करायचं सोडून लोक तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवतात आणि सगळ्यात छोटा आकडा निवडतात. लिटरचा दर आणि किलोचा दर शेजारी ठेवून "हा कमी आहे" म्हणणं म्हणजे कापडाच्या मीटरची तुलना धान्याच्या पोत्याशी करणं.

हा सरासरी आकडा अंदाजाने काढू नका. दोन आठवडे, प्रत्येक उचलीच्या आधी, डबा साध्या प्लॅटफॉर्म काट्यावर चढवा आणि दोन गोष्टी लिहा: वजन, आणि डबा किती भरलाय. दुसरी नोंद लोक गाळतात आणि नेमकी तीच महाग पडते. डबा दर वेळी अर्धाच भरत असेल तर डब्यावरच्या करारात निम्मे पैसे हवेचे जातात.

यावरूनच दुसरी चूक होते आणि ती मला जास्त टोचते. कचरा "कमी" करण्याचे उपाय दोन्ही करारांत एकसारखे नसतात. खोकी चपटी करणं, कॉम्पॅक्टर म्हणजे कचरा दाबणारं यंत्र बसवणं, गठ्ठे बांधणं, या सगळ्याने जागा वाचते, वजन तसूभरही कमी होत नाही. किलोवरचा करार असताना कॉम्पॅक्टर घेणाऱ्याने फार तर उचलीचे आकार वाचवले, किलो होते तितकेच राहिले. एका छपाई कारखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. यंत्र आलं, डबे निम्मे झाले, बिल जवळपास जिथल्या तिथे. व्यवस्थापकांची खात्री झाली की काट्यातच गडबड आहे. काटा बिचारा बरोबर होता.

उलट बाजूने, ओला कचरा निथळू देणं, डब्यावर झाकण ठेवणं, पाणी भरलेल्या बाटल्या आधी रिकाम्या करणं, याचा फायदा किलोवर आहे. झाकणाची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण एक चौरस मीटर तोंडाच्या उघड्या डब्यात १० मिलिमीटर पाऊस पडला की १० लिटर पाणी आत जातं, म्हणजे बिलात १० किलो. पुठ्ठा तर ते पाणी धरूनही ठेवतो. डब्यावरच्या करारात या पावसाचं सोयरसुतक नाही, फक्त भिजलेला पुठ्ठा रिसायकलिंगला सहसा कोणी घेत नाही.

डब्यावरच्या करारातली खोच याहून सूक्ष्म आहे. तिथे कचरा कमी केल्याने बिल आपोआप कमी होत नाही. खोकी चपटी केलीत, डबा अर्धा रिकामा राहिला, शाबास, पण गाडी ठरल्या दिवशी येणार आणि तेवढेच पैसे घेणार. बचत हातात पडते ती कंत्राटदाराला कळवून एक उचल रद्द केल्यावर किंवा लहान डबा घेतल्यावर. म्हणून करारात पहिल्यांदा बघायचं कलम दराचं नाही, तर मध्येच उचली कमी करता येतात का, किती दिवस आधी कळवावं लागतं आणि मुदत संपल्यावर करार आपोआप वाढतो का, हे. वर्षभर एकाच संख्येच्या उचलींत अडकवणारा करार कितीही स्वस्त दिसला तरी मी घेणार नाही.

शुद्ध स्वरूपात दोन्ही करार क्वचितच मिळतात. किलोवरच्या करारात "प्रति उचल किमान वजन" असं कलम असेल आणि तुमचा डबा कायम त्याखालीच राहत असेल, तर तो नाव बदललेला डब्यावरचा करार आहे. डब्यावरच्या करारात "अमुक किलोंवर जादा आकार" असेल आणि तुमचा कचरा ओला असेल, तर तो मुळात किलोवरचाच करार आहे. आणि "सरासरी वजनानुसार" असं लिहिलेलं दिसलं तर सरासरी कोणाची हे विचारा. पुष्कळदा ती तुमची नसतेच. जड कचऱ्याच्या शेजाऱ्याचे किलो तुमच्या नावावर येतात. "अमर्याद उचल" या शब्दांवर तर माझा मुळीच विश्वास नाही. मर्यादा खालच्या बारीक अक्षरांत असतेच.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर एकच करार सगळ्या कचऱ्याला लावण्याच्या मी विरोधात आहे. पुठ्ठा आणि ओला कचरा एकाच डब्यात गेला की जागाही जाते, वजनही जातं आणि विकला जाऊ शकणारा पुठ्ठाही. दोन वेगळे डबे ठेवा, दोघांना वेगळा हिशेब लावा. ओल्याला वजनाची मर्यादा नसलेला डब्यावरचा दर मिळाला तर उत्तम. पुठ्ठ्याला किलोवरचा. आणि पुठ्ठा रोजच भरपूर निघत असेल तर गठ्ठे बांधून तो भंगारवाल्यालाच द्या, तिथे किलोचे पैसे उलटे तुमच्याकडे येतात.

समोर आलेला करार कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला मी कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारतो: गाडी आली आणि डबा पूर्ण रिकामा निघाला, तर त्या दिवशीचे किती लावाल?