रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे पोटदुखी खोटी नसते
आयबीएस म्हणजे तपासणीत काही सापडत नसताना वारंवार पोट दुखणं आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठता होणं. आपल्या सोलापुरात आयबीएसवाल्याला दोन वाक्यं ठरलेली, 'मनाचं आहे सगळं, टेन्शन सोड' नाहीतर 'शेंगाचटणी बंद कर'. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि ते चुकीचं आहे. आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या कोट्यवधी मज्जापेशी असतात, त्यांचं आणि मेंदूचं दोन्ही बाजूंनी सतत बोलणं चालू असतं, टेन्शन आलं की शरीरात जी रसायनं सुटतात त्यांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मोठं आतडं मात्र जोरात आवळायला लागतं, म्हणून पुण्याच्या गाडीत बसायच्या आधीच कळ येते आणि माणूस स्टँडवर पहिलं संडास शोधतो. शिवाय आयबीएसवाल्या बऱ्याच जणांच्या आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील झालेल्या असतात, दुसऱ्याला कळणारही नाही एवढ्या गॅसने यांना खरंच दुखतं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघतात त्या तपासणीत, हे दिसत नाही, तिथे सूज, जखम, गाठ दिसते. टेन्शनने त्रास वाढतो हे खरंय, पण कितीतरी जणांना हे पोटाच्या इन्फेक्शननंतर सुरू होतं. घरच्यांना 'नाटकं करतोस' म्हणू नका प्लीज. चटणी काहींना बाधते, काहींना नाही. शौचातून रक्त, आपोआप वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर मात्र आयबीएस समजून बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.