पंप थांबला तरी होडी ओलीच

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, पलीकडे ठाण्याचं चेंदणी, अशा खाडीकाठच्या कोळीवाड्यांत होड्या वर ओढून शाकारायचा काळ हाच. पूर्वी झावळ्यांनी, आता निळ्या ताडपत्रीने. माशांच्या विणीचा विचार केला तर हे वेळापत्रक योग्यच आहे. होडी सुकवायला मात्र वर्षातले सगळ्यात वाईट दोन महिने नेमके हेच.

होडीतलं पाणी म्हटलं की तळाशी साचलेला, वर डिझेलचा तवंग असलेला काळपट थर आठवतो. तो डब्याने उपसता येतो, पंपाने निघतो. न उपसलेलं पाणी धोक्याचं असतं, कारण ते मोकळं हलतं. होडी कलली की ते त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. हा परिणाम साचलेल्या पाण्याच्या रुंदीच्या घनाने वाढतो. रुंदी दुप्पट झाली की आठपट. हे सगळ्यांना कळतं, दिसतं, आणि म्हणून त्याची काळजीही घेतली जाते. पंप कोरडा फिरू लागल्यावरही जे पाणी होडीत राहतं त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते लाकडाच्या तंतूंत असतं, फायबरच्या थरांत असतं, बैठकीखालच्या बंद कप्प्यातल्या फोममध्ये असतं. पंधरा-वीस वर्षांच्या होडीत ते असणारच. किती आहे आणि कुठे आहे, एवढंच शोधायचं.

फोमपासून सुरुवात करू. अनेक फायबरच्या होड्यांत बंद कप्प्यांत पॉलीयुरेथेनचा फोम भरलेला असतो, होडीत पाणी शिरलं तरी ती बुडू नये म्हणून. या फोमचे बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात, त्यामुळे तो पाणी पीत नाही अशी समजूत आहे. द्रवरूप पाणी तो सहजी घेत नाही हे खरं, पण बुडबुड्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात आणि वाफ त्यांतून आरपार जाते. दुपारी वरचा पृष्ठभाग तापतो, खालची बाजू खाडीच्या पाण्याला टेकून थंड राहते. वाफ गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकते आणि तिथे तिचं पाणी होतं. असं रोज, वर्षानुवर्षं. साध्या फोमचं वजन घनमीटरला ३० किलोच्या आसपास असतं, म्हणजे २०० लिटर फोम जेमतेम ६ किलो. त्यातली निम्मी जागा पाण्याने भरली तर तोच फोम १०० किलोंच्या पुढे जातो. तेवढी मासळी कमी, डिझेल जास्त, आणि ज्या तरंगण्यासाठी तो भरला होता ते तरंगणंही निम्मं. होडी रिकामी असताना पाण्याची खूण पूर्वीपेक्षा वर आली असेल तर पहिला संशय फोमवर घ्यावा. भिजलेला फोम सुकवायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाफ ज्या गतीने आत गेली त्याच गतीने बाहेर येणार, आणि आत जायला तिने दहा वर्षं घेतली आहेत. तो कापून काढावा आणि नवा भरावा.

फायबरच्या भिंतीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. काचेच्या तंतूंना धरून ठेवणारा रेझिन बहुधा पॉलिस्टर असतो. हे पॉलिस्टर आम्ल आणि ग्लायकॉल यांच्या रेणूंची साखळी आहे, आणि ही साखळी तयार होताना प्रत्येक जोडातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. वर्षानुवर्षं पाणी झिरपत राहिलं की हीच क्रिया उलटी चालू होते. पाणी जोडात शिरतं, जोड तुटतो, आम्ल आणि ग्लायकॉल पुन्हा सुटे होतात. थरांमधल्या बारीक पोकळ्यांत त्यांचं दाट द्रावण साचतं. होडीचा बाहेरचा चकचकीत लेप पाण्याच्या लहान रेणूंना आत येऊ देतो, पण या मोठ्या रेणूंना बाहेर जाऊ देत नाही. दाट द्रावण आत आणि पातळ बाहेर असलं की पाणी दाटाकडे ओढलं जातं. या ओढीचं गणित याकोबस व्हॅन्ट हॉफ यांनी मांडलं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ साली त्यांना मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. आतला दाब वाढतो, लेप फुगतो आणि तळाला फोड येतात. फोड फोडला तर आंबट वासाचं चिकट पाणी जोरात उडतं. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय हा उद्योग करू नये.

आता यात एक गंमत आहे, जी खाडीकाठच्या माणसाला चटकन पटणार नाही. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात हे फोड लवकर येतात. समुद्राच्या पाण्यात स्वतःचंच इतकं मीठ विरघळलेलं असतं की त्याची ओढ हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण २५ पट भरते आणि ती आतल्या द्रावणाच्या विरुद्ध काम करते. गोडं पाणी असा विरोध करत नाही. ठाणे खाडी पावसाळ्यात पातळ होते: उल्हासकडून येणारं पाणी, दोन्ही काठांचे नाले, वरून पाऊस. त्यामुळे जुलैत खाडीतच नांगरून ठेवलेल्या होडीला मे महिन्यापेक्षा जास्त धोका असतो. शिवाय ओहोटीला होडी चिखलात बसते. पाणी उतरलं तरी तळाला कोरडं व्हायला मिळत नाही, कारण चिखल सहा तास ओलाच असतो.

फोड आलेली होडी उन्हात ठेवली की बरी होते, असं पुष्कळांना वाटतं. ती बरी दिसते. उन्हाने पाणी जातं, ग्लायकॉल जात नाही; पॉलिस्टरमध्ये वापरतात त्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १८८ अंश सेल्सिअस आहे. ते तिथेच बसून राहतं आणि हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं. फोड घासून उघडायचे आणि गरम गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, म्हणजे ग्लायकॉल विरघळून निघून जातं. होडी सुकवायला आधी ती भिजवायची, हे ऐकून मालक वैतागतात. पण दुसरा रस्ता नाही. हे न करता वरून इपॉक्सीचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रेझिनचा, हात मारला तर आतलं द्रावण कायमचं कोंडलं जातं आणि दोन-तीन हंगामांत फोड परत येतात.

लाकडी होडीला उलटा न्याय लागू होतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो आणि मीठ तिला सोसत नाही. समुद्राच्या पाण्यात मुरलेली फळी तग धरते, फळ्यांच्या सांध्यात अडकलेलं पावसाचं पाणी तिला पोखरतं. पूर्वी नव्या जहाजांच्या सांगाड्यात मीठ भरून ठेवत, ते याच कारणासाठी. मात्र फायबरच्या होडीत मीठ ठेवणं चुकीचं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते तसंच इथे होतं: हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते याहून कमी आर्द्रतेतही ओलसर राहतं. म्हणून फायबरचा तळ आतून गोड्या पाण्याने धुऊन, पुसून मगच उघडा ठेवायचा.

खरी पंचाईत होते ती लाकडावर फायबरचं अस्तर चढवलेल्या जुन्या होड्यांची. किडा लागू नये, गळती थांबावी म्हणून हे अस्तर चढवतात आणि काही वर्षं त्याचा फायदाही होतो. पण लाकूड ओलाव्याप्रमाणे आडवं फुगतं आणि आक्रसतं, फायबर तेवढं हलत नाही. हळूहळू दोघांमधली पकड सुटते. बोल्टांच्या भोकांतून, वरच्या काठावरून पावसाचं पाणी मधल्या फटीत उतरतं आणि खाली अस्तर असल्यामुळे तिथेच राहतं. बाहेरून रंग चकचकीत, आत फळीचा भुगा. लाकडी हातोडीने ठोकत गेलं की जिथे टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो तिथे खूण करावी. ओलावा मोजायचं यंत्र मदत करतं, पण त्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नये. तांबं असलेला तळाचा रंग, मीठ किंवा मागचा खिळा यांमुळे ते खोटा ओलावा दाखवतं. शंका असेल तिथे आतल्या बाजूने बारीक भोक पाडावं. भुसा कोरडा आणि लाकडाच्या रंगाचा असेल तर ठीक. काळा आणि लगद्यासारखा निघाला तर ती फळी बदलायचीच.

आता हवेचा हिशेब. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते, म्हणजे त्या हवेत जेमतेम ४ ग्रॅमची जागा उरते. जानेवारीच्या दुपारी आर्द्रता ४० टक्क्यांवर आली की १८ ग्रॅमची. लाकूडही हवेशी जुळवून घेतं. जुलैच्या हवेत ते १८ टक्क्यांच्या आसपास अडतं, बुरशीच्या सीमारेषेला अगदी लागून. जानेवारीच्या हवेत ७-८ टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. गरम हवेचा पंखा लावून जुलैतही काम होतं. ३० अंशांची हवा ४० अंशांना नेली की ८५ टक्के आर्द्रता ५० च्या खाली येते, मात्र ती हवा बाहेर जायला वाट ठेवावी लागते, नाहीतर ताडपत्रीखाली नुसती वाफ कोंडते. वीज किती लागेल? एक किलो पाण्याची वाफ करायला एक युनिटचा दोन तृतीयांश भाग लागतो, तोही काहीच वाया गेलं नाही तर. आणि घाई करून उपयोग नसतो. जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८५५ साली मांडलेल्या नियमांनुसार भिंतीची जाडी दुप्पट झाली की पाणी बाहेर यायला चौपट वेळ लागतो. यावर निर्वात दाबाचा उपाय आहे: प्लास्टिकची पिशवी चिकटवून आतली हवा खेचायची. दाब ४२ मिलिबारच्या खाली गेला की पाणी ३० अंशांनाच उकळू लागतं. महागड्या शिडाच्या बोटींसाठी हे परवडतं, रोजच्या होडीला नाही.

तेव्हा काम दोन हंगामांत वाटून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. जून-जुलैत ठोकून तपासणी करायची, भिजलेला फोम काढायचा, फोड उघडून धुवायचे, बंद कप्प्यांच्या सगळ्यात खालच्या जागी भोकं पाडून पाणी निथळू द्यायचं. ताडपत्री होडीला गुंडाळायची नाही. बांबूंवर उंच बांधायची, दोन्ही टोकं उघडी. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला होडी पाण्यात जाणारच, तेव्हा भोकांना स्क्रूची बुचं लावायची, धुतलेल्या फोडांवर तात्पुरता लेप द्यायचा. कायमचं काहीही बंद करायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाण्याला ओढ नसते, डोलीला (प्रवाहात लावायच्या पिशवीसारख्या जाळ्याला) मासळी कमी लागते, होडी तशीही काठाला असते. तेव्हा ती वर घेऊन लेप खरवडावा, बुचं काढावीत आणि त्याच खुणांवर, त्याच यंत्राने ओलावा मोजून तारखेसह लिहून ठेवावा. लागोपाठ दोन भांगांत आकडा खाली उतरायचा थांबला, की इपॉक्सीचा डबा उघडायला हरकत नाही.