आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल: ताप दोन्हींनी उतरतो, धोके मात्र वेगळे

आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल औषधांच्या डब्यात शेजारी-शेजारी असतात आणि बहुतेकांच्या डोक्यात त्यांची उतरंडही ठरलेली असते. थोडं दुखलं तर पॅरासिटामॉल, जास्त दुखलं तर ‘पॉवरफुल’ आयबुप्रोफेन. या समजुतीने माणसांचं खरोखर नुकसान होतं, म्हणून ती मोडायला हवी. गोळी निवडताना किती दुखतंय यापेक्षा कशामुळे दुखतंय आणि कोणाला दुखतंय, हे आधी पाहायचं असतं. आयबुप्रोफेन सूज उतरवतं, पॅरासिटामॉल उतरवत नाही. आणि चूक झालीच, तर आयबुप्रोफेनचा फटका जठर, किडनी आणि हृदयाला बसतो, पॅरासिटामॉलचा यकृताला.

दुखापत झालेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. त्यांच्यामुळे ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं आणि १९८२ च्या वैद्यकातल्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. आयबुप्रोफेन याच जातीचं. ब्रिटनच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स आणि जॉन निकोलसन यांनी ते शोधलं. १९६९ पासून तिथे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागलं, १९८३ पासून चिठ्ठीशिवाय. पण हीच प्रोस्टाग्लँडिन शरीराच्या रोजच्या कामालाही लागतात. जठराच्या अस्तरावरचा संरक्षक थर ती टिकवतात, किडनीत रक्त नेणारी बारीक वाहिनी उघडी ठेवतात. गुडघ्यातली तेवढी थांबवायची आणि जठरातली ठेवायची, हे गोळीला जमत नाही. आयबुप्रोफेनचे जवळजवळ सगळे दुष्परिणाम इथूनच सुरू होतात.

पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. ताप उतरतो, दुखण्याची जाणीव कमी होते, पण सुजलेला घोटा सुजलेलाच राहतो. साधा ताप, अंगदुखी, डोकेदुखी यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी पॅरासिटामॉल. मुरगळलेला पाय, दाढेचा ठणका, सुजलेला सांधा असेल, तर आयबुप्रोफेनचा खरा उपयोग होतो. पाळीच्या दुखण्यात तर ते मुळावरच काम करतं. त्या दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन भरपूर तयार होतात आणि त्यांच्यामुळेच गर्भाशय आवळून कळा येतात. म्हणून असह्य होईपर्यंत दात-ओठ खात बसण्यापेक्षा दुखायला लागताच गोळी घेतली, तर ती जास्त लागू पडते. ‘सहन कर’ हा सल्ला इथे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचा आहे.

आता ‘जेवून घेतली की काही होत नाही’ याविषयी. पोटात काही असलं तर जळजळ कमी होते, तेवढं खरं. पण गोळी जठराला नुसती स्पर्श करून इजा करत नाही. ती रक्तात मिसळते आणि रक्तातून येऊन अस्तराचं संरक्षण काढून घेते. या जातीची इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही अल्सर होतात ते त्यामुळेच. अनेकदा आधी पोटात दुखतही नाही, एकदम रक्तस्रावच होतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी दिसली, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. वय ६५ च्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, स्टेरॉइड, रक्त पातळ करणारं औषध किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील, तर हा धोका बराच वाढतो. पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या जठराला चांगलं संरक्षण देतात. किडनीला मात्र त्यांचा काही उपयोग नाही.

आणि किडनीकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. शरीरात पाणी पुरेसं असताना निरोगी माणसाच्या किडनीचं दोन-चार गोळ्यांनी सहसा काही बिघडत नाही. पण उलट्या-जुलाब झालेत, तापात पोटात पाणी गेलेलं नाही किंवा उन्हात घाम गाळून अंग आंबलंय, अशा वेळी किडनी प्रोस्टाग्लँडिनच्याच भरवशावर रक्त ओढत असते. तिथे आयबुप्रोफेन गेलं की तो आधार तुटतो. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी, तिच्या जोडीला लघवी वाढवणारी गोळी आणि वरून आयबुप्रोफेन, हे त्रिकूट तर फारच वाईट. बीपीच्या कित्येक रुग्णांना पहिली दोन आधीपासून चालू असतात. गुडघा दुखला म्हणून तिसरी ते स्वतःच्या मनाने घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण साध्या दुखण्याच्या गोळीला कोणी औषधात धरत नाही. ती औषधच आहे. डॉक्टर ‘काय काय चालू आहे?’ असं विचारतात तेव्हा तिचंही नाव घ्यायला हवं.

हृदयाचं थोडक्यात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, २०१५ मध्ये आपला इशारा आणखी कडक केला: ॲस्पिरिन वगळता आयबुप्रोफेनच्या जातीच्या औषधांनी हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताचा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो आणि मोठ्या डोसला तो जास्त असतो. हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन घेणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. आयबुप्रोफेन आधी पोटात गेलं, तर ते ॲस्पिरिनला तिचं काम करू देत नाही. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन घेऊच नये.

काही ठिकाणी तर निवडीचा प्रश्नच नाही. डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल, कारण प्लेटलेट उतरत असताना रक्तस्राव वाढवणारं काहीही नको. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही. बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची वाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. कांजिण्यांतही ते टाळतात. ॲस्पिरिनने ज्यांचा दमा उसळतो, त्यांचा आयबुप्रोफेननेही उसळू शकतो.

हे सगळं वाचून पॅरासिटामॉल अगदी निरुपद्रवी वाटेल, तर तसंही नाही. मोठ्या, निरोगी माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, दारू रोजची असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर मर्यादा त्याहून खाली येते. यकृत पॅरासिटामॉल निकामी करताना थोडा विषारी घटक तयार होतो आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य तो आवरून धरतं. डोस फार झाला की ग्लुटाथायोन संपतं. पहिल्या दिवशी नुसती मळमळ असते, कधी तीही नसते. यकृताची दशा दोन-तीन दिवसांनी कळते. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो ८ तासांच्या आत मिळाला तर उत्तम काम करतो. म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील, तर ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबायचं नाही.

जास्त गोळ्या जातात कशा? स्ट्रिपची मागची बाजू न वाचल्यामुळे. पुढे ठसठशीत असतं ते कंपनीने दिलेलं नाव. काही स्ट्रिपांच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: आयबुप्रोफेन ४०० मि.ग्रॅ., पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. म्हणजे ही एक गोळी घेतली की दोन्ही औषधं घेतली. वर तापाची वेगळी गोळी आणि सर्दीची आणखी एक घेतली, तर त्या दोन्हींतही बहुधा पॅरासिटामॉलच असतं. नुसतं आयबुप्रोफेन मोठ्यांनी डॉक्टरांना न विचारता घ्यायचं असेल, तर एका वेळी २०० ते ४०० मि.ग्रॅ., मध्ये ६ ते ८ तासांचं अंतर आणि दिवसाला १२०० च्या वर नाही. तापासाठी ३ दिवसांपेक्षा, दुखण्यासाठी १० दिवसांपेक्षा जास्त नाही. आणि त्याच्या सोबतीला डायक्लोफिनॅक किंवा नॅप्रोक्सेन कधीच नाही, कारण ती याच जातीची भावंडं आहेत. फायदा वाढत नाही, धोका तेवढा वाढतो.

लहान मुलांच्या बाबतीत डोस वयापेक्षा वजनावर ठरतो. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला आयबुप्रोफेन आपल्या मनाने द्यायचं नाही. पॅरासिटामॉल साधारण किलोमागे १५ मि.ग्रॅ. धरतात, म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० मि.ग्रॅ. पण बाटल्या सारख्या नसतात. एका सिरपच्या ५ मि.ली.मध्ये १२५ मि.ग्रॅ. असतं, दुसऱ्यात २५०, आणि ड्रॉप्समध्ये अनेकदा १ मि.ली.तच १००. त्यामुळे त्याच मुलाला पहिलं ६ मि.ली. लागेल, दुसरं ३, आणि ड्रॉप्स फक्त दीड मि.ली. सिरप समजून ड्रॉप्सचा ५ मि.ली.चा चमचा पाजला, तर मुलाच्या पोटात मोठ्या माणसाची ५०० ची अख्खी गोळी गेली. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचायचं, आणि औषध मोजायचं ते बाटलीबरोबर आलेल्या ड्रॉपरने किंवा मापानेच.