लॅपटॉप वायफायवर, प्रिंटर वायरवर, आणि दोघांची गाठ का पडत नाही

घरात आधीपासून वायरचं नेटवर्क आहे, मोडेमला एक छोटा स्विच (अनेक वायरी एकत्र जोडणारा डबा), त्याच्यावर डेस्कटॉप आणि प्रिंटर, सगळं सुरळीत. मग लॅपटॉप येतो आणि तो वायरशिवाय त्याच नेटवर्कात घ्यायचा असतो. दुकानातून वायफाय राउटर आणला, जोडला, नेटही सुरू झालं, पण लॅपटॉपवर प्रिंटर काही दिसत नाही. ही तक्रार कित्येक वर्षं ऐकतोय आणि दर वेळी शिव्या पडतात वायफायला. त्याचा बिचाऱ्याचा यात काडीचाही संबंध नाही, पण ते कळायला जरा मागे जावं लागतं.

गंमत अशी की वायरचं नेटवर्कच मुळात वायरलेसच्या पोटी जन्माला आलंय. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या टीमने १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं, लांबलांबच्या टर्मिनलना मेन कॉम्प्युटरशी रेडिओवरून जोडायचं म्हणून. नियम अगदी साधा, ज्याला पाठवायचंय त्याने बिनधास्त पाठवावं, दोघांचं एकदम जाऊन आदळलं तर पोच येणार नाही, मग मनाला येईल तेवढं थांबून परत पाठवावं. हिशोबाने अशा चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्के उपयोग होतो, म्हणजे बाकी सगळं वायाच. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या लॅबमध्ये बॉब मेटकाफने हीच आयडिया उचलली, रेडिओच्या जागी केबल घातली आणि दोन गोष्टी वाढवल्या, बोलायच्या आधी ऐका आणि बोलता बोलताही ऐकत राहा. मे १९७३ मध्ये त्याने मेमो लिहिला आणि तिथून इथरनेट, म्हणजे आजचं वायरचं नेटवर्क, सुरू झालं.

केबलवर बोलता बोलता ऐकता येतं, रेडिओवर मात्र स्वतःच्याच आवाजात बाकी सगळं बुडतं. त्यामुळे पुढे वायरलेस परत आलं तेव्हा टक्कर पकडण्याचा नाद सोडून टक्कर टाळायची आणि प्रत्येक पॅकेटची (माहितीच्या तुकड्याची) पोच मागायची असं करावं लागलं. वायफायवर आकड्यातला स्पीड आणि हातात पडणारा स्पीड यात एवढा फरक दिसतो त्याचं एक मोठं कारण हेच.

मधला टप्पा १९८५ चा. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे रेडिओचे पट्टे सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने, ९०० मेगाहर्ट्झ, २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झ हे पट्टे विनालायसन वापरायला मोकळे केले, मायक्रोवेव्ह ओव्हन वगैरेंचा गोंगाट असलेले, कोणाला फारसे नको असलेले. याचा फायदा पहिल्यांदा घेणाऱ्यांत एनसीआर होती, कॅश रजिस्टर बनवणारी कंपनी. दुकानातली मांडणी बदलली की काउंटर हलतात आणि काउंटर हलले की वायरिंग परत करा, ही त्यांच्या गिऱ्हाइकांची कटकट. त्यांच्या नेदरलँड्समधल्या ऑफिसातून वेव्हलॅन हे वायरलेस नेटवर्क आलं, आणि तिथलेच विक हेज पुढे १९९० पासून दहा वर्षं आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या, वायफायचं स्टँडर्ड ठरवणाऱ्या ८०२.११ कमिटीचे अध्यक्ष होते.

आता खरी गोम इथे आहे. ही कमिटी इथरनेटवाल्यांच्याच ८०२ कुटुंबातली, त्यामुळे मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक मशीनचा स्वतःचा पत्ता) तोच ४८ बिटांचा. लॅपटॉप हवेतून जी फ्रेम (पत्ते लिहिलेलं पाकीट) सोडतो तिच्यात तीन पत्ते असतात, स्वतःचा, अ‍ॅक्सेस पॉइंटचा (वायफाय देणाऱ्या डब्याचा) आणि जिथे जायचंय त्याचा. अ‍ॅक्सेस पॉइंट आपला पत्ता काढून टाकतो, उरलेले दोन साध्या इथरनेट फ्रेममध्ये भरतो आणि वायरवर सोडतो. प्रिंटरला वाटतं लॅपटॉप शेजारच्याच पोर्टात खोचलाय. बस, एवढंच. अ‍ॅक्सेस पॉइंट हा निव्वळ ब्रिज, म्हणजे दोन बाजू जोडणारा पूल, तो आयपी (नेटवर्कातले आकडी पत्ते) वाटत नाही, नेटवर्क वेगळं करत नाही, आणि वायरच्या नेटवर्काला त्याचा पत्ताही लागू नये हाच हेतू.

१९९७ चं पहिलं स्टँडर्ड १ आणि २ एमबीपीएसचं, म्हणजे १०० एमबीपीएसच्या वायरपुढे किस झाड की पत्ती. १९९९ मध्ये ८०२.११बी ११ एमबीपीएस घेऊन आलं आणि त्याच वर्षी जुलैत स्टीव्ह जॉब्सने अॅपलचा आयबुक लॅपटॉप हातात धरून नेटवर पानं उघडून दाखवली, वर लॅपटॉपच्या भोवतीने हुलाहूपची रिंग फिरवली, वायर नाहीये हे पटावं म्हणून. वायफाय कार्ड ९९ डॉलर, बेस स्टेशन (वायफाय देणारा डबा) २९९. बाकीच्या लॅपटॉपांना बाजूने कार्ड खोचायला लागायचं, मार्च २००३ मध्ये इंटेलचं सेंट्रिनो आलं तेव्हा कुठे वायफाय आतच यायला लागलं.

तोपर्यंत घरोघरी दुसरीच अडचण उभी राहिली होती, नेटकडून आयपी एकच मिळतो आणि मशीन तीन-चार. म्हणून नॅट (एका आयपीमागे अनेक मशीन चालवणं), डीएचसीपी (घरातल्या मशीनना आयपी वाटणं), स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट असं सगळं एकाच डब्यात कोंबून विकायला सुरुवात झाली. २००२ च्या शेवटी आलेला लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा त्यातला सगळ्यात गाजलेला, निळा-काळा, दोन अँटेनावाला. आत बघितलं तर चार लॅन पोर्ट (घरातल्या मशीनसाठीचे) आणि वायफाय सॉफ्टवेअरने एकाच ब्रिजमध्ये बांधलेले, आणि वॅन पोर्ट (नेटच्या बाजूचा) तेवढा वेगळा, नॅटच्या पलीकडे. पहिल्या परिच्छेदातली भानगड होते ती इथेच. माणूस मोडेमची वायर साहजिकच वॅन पोर्टात खोचतो आणि घरात दोन नेटवर्कं तयार होतात, प्रिंटर बाहेरच्यात, लॅपटॉप आतल्यात. प्रिंटर शोधायची हाक ब्रॉडकास्टने, म्हणजे नेटवर्कातल्या सगळ्यांना एकदम, जाते आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. आयपी हाताने टाकला तर कधीकधी प्रिंट निघतेही, आणि मग माणूस अजूनच चक्रावतो.

आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ झाल्या, बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड सुरू झालं आणि केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी पॉवरच्या उपकरणांसाठी लायसनमुक्त केला. सुरुवातीचे बरेच मोडेम नुसते वायरवाले, पण राउटिंग करू शकणारे, पत्ता १९२.१६८.१.१. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या राउटरचाही बऱ्याचदा तोच, मग दोघं एकमेकांच्या उरावर आणि नेट ठप्प. केबलवाल्याचं नेट असलं तर तो एकाच मशीनच्या मॅक अ‍ॅड्रेसला कनेक्शन बांधून ठेवायचा, म्हणून राउटरमधलं क्लोन मॅक (त्या मशीनच्या पत्त्याची नक्कल) हे बटण पाठ असलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे.

उपाय मात्र तेव्हापासून तोच. नव्या राउटरचा आयपी बदलून जुन्या रेंजमधला एखादा मोकळा द्यायचा, त्याचं डीएचसीपी बंद करायचं, वायर लॅन पोर्टात लावायची आणि वॅन पोर्ट रिकामा सोडायचा. म्हणजे राउटरची राउटरकी काढून घेतली आणि उरला तो ब्रिज. हल्ली मेनूत एपी (अॅक्सेस पॉइंट) मोड असा पर्याय येतो तो हेच सगळं एका क्लिकमध्ये करतो आणि बहुतेक मॉडेलांत वॅन पोर्टही लॅनमध्येच घेतो, फक्त त्यानंतर राउटरचं सेटिंगचं पान जुन्या पत्त्यावर उघडत नाही, ते मेन मोडेमच्या डीएचसीपी लिस्टमध्ये शोधावं लागतं.