रक्त सोबत आणणारे ठिगळ

परळमध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा 'तोंडाने पाणी कधी द्यायचे?' हाच. घोटभर पाण्यासाठी इतके दिवस का थांबायचे, हे समजण्यासाठी आत काय जोडले आहे ते पाहावे लागते.

प्रौढ माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. तिचा रोगट भाग काढून टाकल्यावर जठराचीच लांबट नळी करून ती छातीत किंवा थेट मानेपर्यंत ओढून घेतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. आतड्याला बाहेरून जे चिवट आवरण असते ते अन्ननलिकेला नसते, त्यामुळे टाके तिच्यात नीट धरून राहत नाहीत. त्यातच वर ओढलेल्या जठराचा रक्तपुरवठा मुख्यतः उजव्या बाजूच्या एकाच धमनीवर येऊन ठेपतो आणि जोड नेमका तिच्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला येतो. पाण्याच्या लाइनवरच्या शेवटच्या चाळीत नळाला धार कशी येते, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. जोड उसवून होणारी गळती धाग्यामुळे कमी आणि रक्त न पोहोचल्यामुळे अधिक होते, असे मला वाटते.

मानेतला जोड गळला तर लाळ जखमेवाटे बाहेर येते आणि पुष्कळदा ती वाट आपोआप बुजते. छातीतल्या गळतीचे तसे नाही. रुग्ण उपाशी असला तरी दिवसाकाठी लिटरभर लाळ तयार होतच राहते. प्रत्येक श्वासाबरोबर छातीत निर्माण होणारा ऋण दाब ती लाळ जंतूंसह फुप्फुसाभोवती ओढून घेतो. ताप येतो, नाडी धावू लागते; कधी रुग्णाला निळा रंग घातलेले पाणी प्यायला देतात आणि थोड्या वेळाने छातीतल्या ड्रेनच्या पारदर्शक नळीत तीच निळी छटा उतरताना दिसते.

लहान गळतीला स्टेंट (आतून भोक झाकणारी नळी) किंवा दुर्बिणीतून बसवलेला, सतत शोषण करणारा स्पंज पुरतो. तो स्पंज दर तीन-चार दिवसांनी बदलावा लागतो. भोक मोठे असेल आणि कडा सडल्या असतील, तर मात्र छाती पुन्हा उघडावी लागते. अशा वेळी नुसते टाके घालणे म्हणजे भिजलेला कागद शिवण्यासारखे आहे. तिथे शेजारचा जिवंत स्नायू त्याच्या धमनी-शिरेसह उचलून, देठ न तोडता भोकावर वळवून शिवतात. याला फ्लॅप म्हणतात.

ही कल्पना आपल्याकडे जुनीच. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापली होती: टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक कपाळाच्या त्वचेतून पुन्हा घडवले होते आणि ती त्वचा रुजेपर्यंत भुवयांमधल्या देठाला जोडलेली ठेवली होती. कोकणातले आंब्याचे भेटकलम बांधतात ते याच न्यायाने. फरक इतकाच की कलम जमल्यावर मूळ झाडापासून तोडतात. छातीतल्या स्नायूचा देठ कायम राखला जातो.

सर्वांत हाताशी असतो तो दोन बरगड्यांमधला स्नायू. तो चिमट्याने बरगड्या फाकवण्याआधीच सोडवून घ्यावा लागतो, नाहीतर लोखंडी पात्यांखाली त्याची रक्तवाहिनी चिरडते आणि हाती निर्जीव पट्टी उरते. त्याच्यासोबत बरगडीवरचे पातळ आवरण आले, तर त्यातून पुढे हाड धरू शकते. म्हणून तो अन्ननलिकेभोवती पूर्ण वेटोळा न घालता एका बाजूने बसवणे बरे. पोकळी मोठी असेल तर पाठीचा रुंद स्नायू घेतात आणि बरगडीचा तुकडा काढून केलेल्या खिडकीतून आत सरकवतात. तो भोक झाकतोच, शिवाय पू साचणारी रिकामी जागाही भरतो आणि आपल्या रक्तातून पांढऱ्या पेशी व प्रतिजैविके थेट जखमेपाशी पोहोचवतो. पहिल्या शस्त्रक्रियेत छाती उघडताना हाच स्नायू आडवा कापला गेला असेल, तर ही वाट बरीचशी बंद होते, म्हणून काही शल्यविशारद तो आधीपासूनच राखून ठेवतात.

पाठीचा स्नायू दिल्यावर हात लुळा पडत नाही; जेवणे, लिहिणे, केस विंचरणे सारे जमते. हाताने शरीर वर खेचण्याचा जोर मात्र त्या बाजूला कमी होतो आणि लोकलच्या दाराशी दांडा धरून डब्यात चढताना तो जाणवू शकतो.