जोडप्यांच्या समुपदेशनात नेमके काय घडते?

नवरा-बायकोचे बिनसले की आपल्याकडे आधी ते वडीलधाऱ्यांच्या कानावर घातले जाते, मग दोन्ही घरची माणसे बैठक बसवतात आणि ती बहुधा चूक कोणाची यावरच अडते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले असल्याने तिथे विवाह समुपदेशक असतात. मात्र काही जोडपी समुपदेशकासमोर पहिल्यांदा बसतात ती अर्ज दाखल झाल्यावरच. हा उशीर इतरत्रही होतो. अमेरिकेतील जोडपी सरासरी सहा वर्षे थांबतात, असे बरीच वर्षे सांगितले जाई. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ तीन वर्षांहून थोडा कमी भरला. भांडणाला ठरावीक वळण लागायला तेवढाही पुरतो.

या वळणाचा अभ्यास कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनी केला. एकजण विषय लावून धरतो, दुसरा टाळतो. टाळल्यामुळे पहिल्याचा आवाज चढतो आणि आवाज चढल्यामुळे दुसरा आणखी मिटतो. ‘तुम्ही कधी काही बोलतच नाही’ आणि ‘तू बोलू देशील तर ना!’ ही दोन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी असतात, म्हणूनच न्यायनिवाडा करणाऱ्या बैठकीला हे कोडे सुटत नाही. समुपदेशक निवाडा देत नाही. तो हे चक्र दोघांसमोर मांडतो आणि गप्प बसणाऱ्याला त्या क्षणी काय वाटत होते, हे जोडीदाराच्या देखत बोलते करतो.

ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी दीर्घकाळ त्रस्त असलेल्या १३४ जोडप्यांवर दोन उपचारपद्धती तपासल्या. पाच वर्षांनंतर सुमारे निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा टिकून होती, तर एक चतुर्थांशाहून थोडी अधिक जोडपी विभक्त झाली होती. इतक्या बिघडलेल्या संसारांसाठी हे फळ माझ्या मते मुळीच थोडे नाही.

मारहाण किंवा धाक असलेल्या घरांना मात्र हा मार्ग लागू पडत नाही, कारण समुपदेशकासमोर उच्चारलेल्या वाक्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागू शकते. तिथे आधी सुरक्षितता पाहायची असते, आणि त्यासाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत. म्हणूनच जाणते समुपदेशक सुरुवातीलाच दोघांशी स्वतंत्रपणे, बंद दाराआड बोलून घेतात.